शोधणाऱ्यांच्या यादीत चांगुणाबाई

आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी चांगुणाबाई शिजवतात. शाळा पुणतांब्यापासून सहा किलोमीटरवर. मी तिथे विज्ञान शिकवतो, म्हणजे कागदोपत्री शिकवतो. प्रत्यक्षात मतदार याद्या, आधार जोडणी, ऑनलाइन माहिती भरणं, आणि त्यातून एखादा तास उरलाच तर प्रकाशाचं परावर्तन. येत्या मेमध्ये निवृत्त होतोय. थकलोय, हे सांगायची आता लाज वाटत नाही.

चांगुणाबाई माझ्यापेक्षा वयाने लहान, पण सगळी शाळा त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. दोन हजार अकरा साली त्या कामाला लागल्या तेव्हा काही घरांतली पोरं एकदम डबे आणायला लागली. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मावशी बौद्ध वस्तीतल्या. आम्ही मास्तर लोक मूग गिळून बसलो. मावशी रोज पटावर असतील तेवढ्या पोरांची खिचडी शिजवायच्या, उरली तर उरली. दीड-दोन वर्षांत डबे आपोआप बंद झाले, कारण फोडणीचा वास वर्गात यायचा आणि पोरं शेवटी पोरंच. कुणी त्यांची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. मीही मागितली नाही.

दोन हजार सतराच्या जानेवारीत मला कुठून हुरूप आला कोण जाणे, मी शाळेचं नाव एका उपक्रमात घातलं. परदेशातली मोठी दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने चार फोटो काढते. ते आपल्याकडे येतात, आपण ते संगणकावर एकामागून एक फिरवायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका सरकला तर तो लघुग्रह असू शकतो, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा एक दगड. नववीतली तीन पोरं घेतली: दिशा, ओंकार आणि निकिता. संगणकाची खोली स्वयंपाकाच्या शेडला लागून. दुपारी पोरं पडद्याला डोळे लावून बसायची, आणि मावशी दाराशी ताट घेऊन दुसऱ्या दिवसाचा तांदूळ निवडत बसायच्या.

दोन आठवडे काही मिळालं नाही. पोरं एकेका ठिपक्यावर बोट ठेवून तपासत होती आणि डोळे चोळत होती. मीही कंटाळलो होतो.

“तुमी खडा हुडकताय, म्हनून घावंना,” मावशी दारातून म्हणाल्या.

“मग काय करायचं, मावशी?” दिशाने विचारलं.

“खडा हुडकायचाच न्हाई. ताटाकडं नुसतं बघायचं. खडा आपसूक डोळ्याला टोचतो.”

त्या आत आल्या, पदराला हात पुसले आणि पडद्यापासून चांगल्या चार हात लांब उभ्या राहिल्या. फोटो फिरले. पुन्हा फिरले. “ह्यो बग,” त्यांनी बोट दाखवलं. “खालच्या अंगाला सरकतोय. बारीक हाय लई.”

मला काही दिसेना. सात-आठ वेळा फिरवल्यावर दिसलं. पुसट, आहे की नाही असं वाटणारं काहीतरी, पण चारही फोटोंत एका रेषेत. निकिता ओरडली, ओंकारने बाकावर बुक्की मारली. मावशी तोवर ताटाकडे परत गेल्या होत्या.

आता माझी गोष्ट सांगतो, ती सांगायला जड जाते. कळवायच्या अर्जात पाच नावांची जागा होती. तीन पोरं, चौथा मी. पाचव्या ओळीवर मी मावशींचं नाव लिहिणार होतो, खोटं नाही सांगत. तेवढ्यात तेव्हाचे मुख्याध्यापक खांद्यावरून वाकले. “अहो, स्वयंपाकीणबाईंचं नाव परदेशात पाठवणार? हसतील आपल्याला. शाळाप्रमुख म्हणून माझं घाला.” नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातले ते गृहस्थ, त्यांनी संगणकाच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. पण माझी वेतनश्रेणीची फाईल त्यांच्या टेबलावर होती. मी त्यांचं नाव लिहिलं.

मग आठ वर्षं काही नाही. अशा दगडाला आधी नुसती खूण मिळते. कोणत्या साली दिसला त्याचा आकडा, कोणत्या पंधरवड्यात दिसला त्याचं अक्षर, आणि त्या पंधरवड्यात कितवा, ते सांगणारं आणखी एक अक्षर आणि आकडा. मग जगभरातले लोक त्याच्या मागावर राहतात. त्याची वाट पक्की ठरली की त्याला कायमचा क्रमांक मिळतो, आणि त्यानंतर कुठे शोधणाऱ्यांना विचारतात की बाबांनो, नाव काय ठेवायचं. तोवर दिशा पुण्यात नोकरीला लागली होती, मुख्याध्यापक निवृत्त होऊन श्रीरामपूरला फ्लॅटमध्ये राहायला गेले होते, आणि मी तो दगड विसरलो होतो. यंदा ऑगस्टमध्ये मेल आला, की दगडाला क्रमांक मिळालाय, नाव सुचवा.

झालं, गावाला बारशाचं सुतक लागलं. असं कुणी म्हणत नाही, पण मला ते तसंच वाटलं. संस्थेच्या सचिवांना संस्थापकांचं नाव हवं होतं. संस्थापक आमदार होते, आणि राजकारणातल्या माणसाचं नाव त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षं देता येत नाही, असा नियम. ते म्हणाले, “मग शंभर वर्षं थांबू.” एका पालकाने आपल्या दूध डेअरीचं नाव सुचवलं. धंद्याचं नाव चालत नाही. कुणी आपल्या बैलाचं सांगितलं, ते बहुधा मस्करीत. वर आणखी नियम, की नाव इंग्रजीत सोळा अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, आणि शोधणाऱ्याने स्वतःचं नाव स्वतः शोधलेल्याला द्यायचं नाही. मी रोज या लोकांना नियम वाचून दाखवायचो आणि घरी येऊन पंख्याखाली पडायचो.

शेवटी दिशाचा फोन आला. “सर, काखेत कळसा आणि गावाला वळसा. चांगुणामावशींचं नाव द्या ना. यादीत त्या नाहीत, म्हणजे नियमात बसतं.”

यादीत त्या नाहीत. तिने सहज म्हटलं, मला मात्र ते लागलं. पण खरं सांगू, मला सुटल्यासारखंही वाटलं. एवढं मोठं नाव आकाशात गेलं की जुनी ओळ कोण बघतंय? कुणाला काही कबूल न करता फिट्टंफाट. सचिवांनाही पटलं, पेपरात फोटो येईल म्हणाले.

रविवारी सकाळी मी मावशींच्या घरी गेलो. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, डोळ्याला काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. “जय भीम सर, या. आज इकडं कसं?”

मी सगळं समजावून सांगितलं. तो दगड, त्याचा क्रमांक, आणि हे की त्याला आता ‘चांगुणा’ म्हणतील, जगभर, कायमचं. मला वाटलं होतं त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी चष्मा काढला, कडेने डोळा टिपला, पण ते औषधाचं पाणी होतं.

“माजं नाव कशापायी?”

“तुम्हीच शोधलात ना तो.”

“मग तसं लिवलंय का कुटं?”

“नाही,” मी म्हणालो.

“तवा सर्टिफिकिटं वाटली, सर. पोरांची नावं पुकारली, तुमचं पुकारलं, मोठ्या सरांचं पुकारलं. म्या वाढपाचा डाव हातात घिऊन हुबी हुते. म्हनलं, पुकारतील आता. पोरं वाट बगत हुती, मग वाढाया लागले.” त्या हे रागाने बोलत नव्हत्या. रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी सांगितलं. पाचवी ओळ, मुख्याध्यापक, माझी फाईल. आठ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “असंच असंल म्हनलं.”

त्यांनी चष्मा परत डोळ्याला लावला. मग त्या म्हणाल्या, “नाव काय, कुनालाबी देत्यात. रस्त्याला देत्यात, म्हशीला देत्यात. त्ये ज्याला मिळतं त्यानं काय केलेलं असतंच असं न्हाई. मला त्ये नगं. ज्यांनी बगितला त्यांच्यात लिवा.”

“मावशी, यादीत नाव घातलं की तुमचं नाव त्याला देता येणार नाही. नियमच आहे तसा. दोन्हीतलं एकच.”

“मग ह्येच.”

“आणि मला लेखी कारण द्यावं लागेल. मी तेव्हा काय केलं ते.”

“द्या की,” त्या म्हणाल्या. “तुमाला येतंय लिवता.”

मी तिथेच ओट्यावर बसून मोबाईलवर उपक्रमवाल्यांना मेल लिहिला. माझ्या हातून काय झालं ते साध्या शब्दांत लिहिलं. संस्था काय म्हणेल, निवृत्तीच्या तोंडावर काय लचांड लागेल, हे डोक्यात होतंच, पण ते घेऊन फिरायचाही कंटाळा आला होता. शेवटी नाव टाइप करायची वेळ आली आणि माझी बोटं थांबली. चौदा वर्षं एका शाळेत काम केलं, त्यांच्या हातचं खाल्लं, आणि मला त्यांचं आडनाव ठाऊक नव्हतं.

“पूर्ण नाव सांगा, मावशी.”

“चांगुणा कारभारी पगारे,” त्यांनी सावकाश सांगितलं, एकेक शब्द मी लिहीपर्यंत थांबून.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. चूक दुरुस्त केली होती, सहावं नाव जोडलं होतं. आधीचं कोणतंही नाव मात्र काढता येत नाही म्हणे. मी नव्या यादीचा कागद छापून शेडमध्ये नेऊन दिला. मावशींनी हात धुतले, नीट पुसले आणि कागद डोळ्यांजवळ धरून वाचला, वरपासून खालपर्यंत.

“मोठं सर बी हायतच का?”

“काढता येत नाही.”

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या.

संस्थेने माझ्याकडे खुलासा मागितला आहे. तोही लिहीन. सचिव रोज विचारतात की आता त्या दगडाचं नाव काय, पेपरवाल्यांना काय सांगायचं. नावं मंजूर करणाऱ्या परदेशातल्या समितीचंही स्मरणपत्र आलं. मावशींना विचारलं तर म्हणतात, घाई काय, बगू. म्हणून मी समितीला कळवून टाकलं, की शोधणाऱ्या बाईंचं अजून ठरायचं आहे.