गोळी नावाची सवत

बायकोला सवत असते, तसं नवऱ्याला कोण असतं, याला आपल्या भाषेत शब्दच नाही. चष्मेवाल्याने तो बराच शोधला. गिऱ्हाईक नसताना काउंटरवर कोपरं टेकून शोधला, भिंगं पुसता पुसता शोधला. शेवटी म्हणाला, सवतच म्हणू. नाहीतरी गोळी स्त्रीलिंगीच आहे.

गोळी पांढरी, मसुराच्या डाळीएवढी. त्याची बायको ती रोज सकाळी चहानंतर घ्यायची, आणि तो समोर बसून जळायचा. एवढीशी ती वस्तू, पण त्याच्या मते तिने त्याचं घर बुडवलं होतं.

त्याचं दुःख समजायला थोडं मागे जावं लागेल. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी बायकोला ते सुरू झालं. भर बाजारात, बिलाच्या रांगेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास पुरेना, आणि आपण आता मरणार याची पक्की खात्री. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, हृदय ठणठणीत निघालं. मग काय, सल्ले फुकटच असतात. सासूबाई म्हणाल्या, रिकामं डोकं. शेजारीण म्हणाली, नाटकं. नाटक नव्हतं हे चष्मेवाल्याला ठाऊक होतं, कारण तिचा गार पडलेला हात त्याच्या हातात असायचा. तो पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, "मी आहे ना. श्वास सोड. हळूहळू." तेव्हा ती त्याच्याकडे जशी बघायची, तसं त्याच्याकडे जन्मात कुणी बघितलं नव्हतं. त्या बघण्याची त्याला चटक लागली.

पुढे ती एकटी घराबाहेर पडेनाशी झाली. घरीच कपडे शिवायची. दोऱ्याचं रीळ आणायचं तरी नवरा हवा. दुकानाच्या दारावर 'आत्ता येतो' ही पाटी इतक्या वेळा लागायची, की लोक त्या दुकानालाच 'आत्ता येतो' म्हणू लागले. तो चारचौघांत कुरकुरायचा, "काय करणार, माझ्यावाचून तिचं पान हलत नाही." कुरकुर तोंडाने, छाती मात्र फुगलेली.

त्याची थोरली बहीण, आक्का, हे सगळं बघून वैतागली आणि एक दिवस भावजयीला सरळ मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. चष्मेवालाही मागोमाग गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. आग लागलेली नसताना मेंदूतली धोक्याची घंटा वाजते. पण घंटा खरीच वाजते, म्हणून भीतीही खरीच असते." गोळीबद्दल त्यांनी नीट सांगितलं. ही झोपेची नव्हे, नशेचीही नव्हे. सुरुवातीला मळमळेल, जीव थोडा जास्तच घाबरेल. गुण यायला महिना-दीड महिना लागेल. सोबत थोडं थोडं एकटीने बाहेर पडायचा सराव करायचा. "आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही. थांबवायची वेळ आली की मी हळूहळू कमी करीन."

चष्मेवाल्याचा धंदाच असा, भिंग बदलून लगेच विचारायचं, "आता बरं की मघाशी बरं?" बायकोलाही त्याने तेच सुरू केलं. "काल बरं होतं की आज?" पहिले दोन आठवडे ती म्हणायची, "काल." खोटं कशाला बोला, तो मनातून सुखावायचा.

मग एक दिवस ती स्वतः जाऊन रीळ घेऊन आली. धडधडलं म्हणे, पण परत फिरले नाही. त्या दिवसापासून चष्मेवाल्याला पोटशूळ उठला, आणि त्यावर कुठल्याही डॉक्टरांकडे गोळी नव्हती.

बघता बघता ती पडद्यांच्या दुकानात शिवणकामाला लागली. तिथल्या बायकांबरोबर हसायला लागली, संध्याकाळी घरी येऊन त्यांच्या नकला करायला लागली. भेटेल त्याला सांगायची, "गोळीने मला माणसांत आणलं." चष्मेवाला मनात म्हणायचा, वा गं वा. आणि मी इतकी वर्षं काय गोट्या खेळत होतो? आक्का चिडवायची, "काय रे, बायको बरी झाली आणि तुझं तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

शेवटी त्याने हळूच तिचे कान फुंकले. "अगं, आता बरी आहेस ना? मग कशाला रोज औषध पोटात ढकलायचं? सवय लागेल. किडन्या जातील." इतकी वर्षं तिने फक्त त्याचंच ऐकलं होतं. तिने गोळी बंद केली.

आठवड्याच्या आतच गरगरायला लागलं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ लागले. तो म्हणाला, "बघ, गोळीनेच केलंय हे." झटके ओसरले, पण महिनाभराने पडद्यांच्या दुकानातून फोन आला. "अहो, या. आत्ता या." तो चपला न घालता धावला. ती कापडांच्या गठ्ठ्यांमध्ये भिंतीला टेकून बसली होती. त्याने तिचा गार हात हातात घेतला. "मी आहे ना."

संध्याकाळी आक्का आली. सगळं ऐकून तिने भावाला विचारलं, "तुझं गिऱ्हाईक म्हणतं, आता स्वच्छ दिसतं, चष्मा काढून टाकू का? तेव्हा तू काय म्हणतोस?"

"चष्मा आहे म्हणून दिसतंय, म्हणतो." बोलून गेला आणि जीभ चावली.

"मग हिला काय सांगितलंस?"

"काळजी वाटली गं. काळजीपोटी बोललो."

 बायको म्हणाली, "काळजी नव्हती ती. माझा जीव जात होता, आणि तुम्ही दारातून आत आलात. मी तुमचा चेहरा बघितला. तुम्ही खूश होतात."

 

सकाळी ती डॉक्टरीणबाईंकडे निघाली. तोही उठला.

"तुम्ही दुकानात जा," ती म्हणाली.

"एकटी जाशील? या अवस्थेत?"

"भीती वाटतेय. तरी जाते."

ती कठडा धरून जिना उतरली. तो खिडकीशी आला. कोपऱ्यावर ती थांबली, एक हात भिंतीला, एक छातीवर. त्याचे पाय दाराकडे ओढ घेत होते. तिने एकदा जरी वर बघितलं असतं, तर तो धावला असता. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिने पदर सारखा केला आणि वर न बघता कोपरा वळून गेली.