न वाजलेला खटका

नोकरीत मी काही गुन्हे उघड केले, काही आपोआप उघडले आणि एक माझ्या टोपीने उघडला. ती टोपी अजून घरी खुंटीला आहे, तिला भोकही आहे, त्यामुळे तो प्रसंग विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

तेव्हा मी बेलापूरच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी ठाण्यात फोन आला. सोफे बनवण्याच्या एका कारखान्यात कारागिराने मालकाच्या डोळ्यात पिन मारली होती. फोन करणारा मालकाचा पुतण्या. आम्ही पोहोचलो तोवर मालकाला दवाखान्यात हलवलं होतं. कारागीर मात्र अर्धवट सोफ्याशेजारी खाली बसून होता. पळाला नव्हता, हातसुद्धा धुतले नव्हते.

सोफ्याच्या सांगाड्यावर कापड ठोकायला हवेवर चालणारी पिनांची गन वापरतात. खाली लांबट मॅगझीन असतं. त्यात स्टेपलरसारख्या दोन पायांच्या पिनांची पट्टी भरायची, मॅगझीन आत सरकवायचं, मागचा खटका बसला की गन तयार. कंप्रेसरच्या हवेने पिन लाकडात जाते. मी ती गन पंचनाम्यात घेतली, सील केली आणि पुतण्याची फिर्याद लिहून घेतली. खुनाचा प्रयत्न.

पुतण्या ठाम होता. "साहेब, सकाळीच दोघांचं कडाक्याचं वाजलं. ह्याला पाथर्डीला स्वतःचं दुकान टाकायचंय, चाचा नाही म्हणाले. तेव्हापासून दोघं गप. ओरडा ऐकून मी आत पळालो, तर गन ह्याच्याच हातात!"

मी कारागिराला समोर बसवलं. आवाज कमावलेला होता, तो लावला. "काय केलंस?"

"म्याच केलं, सायेब. दुसऱ्या कुनाला इचारू नका."

"का केलंस?"

"म्या बोललो न्हाई म्हनून झालं."

याचा अर्थ मला कळला नाही आणि मी विचारलाही नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही हे मला पाठ होतं, पण कबुली ऐकली की चहा जरा गोड लागतो. मी वरिष्ठांना फोन केला, "सर, आरोपी कबूल आहे." वरिष्ठ म्हणाले, "वा." तो "वा" पुढे मला चांगलाच महागात पडला.

बाहेर त्याची बायको बसली होती. आमचे जुने हवालदार तिला पाणी द्यायला गेले, तर ती म्हणाली, "दादा, सासू-सासऱ्यांचा ऊसतोडीचा कोयता सुटावा म्हनून ह्ये दुकान टाकनार हुते. आता ह्ये आत गेले तर माझ्या बी हातात कोयता येनार." हवालदारांनी ते मला येऊन सांगितलं आणि वर म्हणाले, "साहेब, मारणारा माणूस जागेवर बसून राहतो का हो?"

"पश्चात्ताप," मी म्हणालो. माझ्याकडे तेव्हा प्रत्येक गोष्टीला एक शब्द असायचा.

कागद पक्के करावेत म्हणून मी प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलं. सील केलेली गन तशीच ठेवली. कारखान्यातून तिच्याच जोडीची दुसरी गन मागवली. ठाण्याशेजारच्या पंक्चरवाल्याचा कंप्रेसर अंगणात आणवला. दोन पंच उभे केले. पंक्चरवाला म्हणाला, "सायेब, हवा लई हाय. जपून."

"अरे, मी पिस्तूल चालवलेला माणूस आहे," मी म्हणालो.

पिनांची पट्टी भरली, मॅगझीन सरकवलं. कंप्रेसर असा गुरगुरत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. समोर फळी धरून रुबाबात चाप ओढला. पिन फळीत गेलीच नाही. ती आडवी उसळून माझ्या कानाशेजारून गेली आणि मागे खुंटीला टांगलेल्या टोपीत रुतली. पंक्चरवाल्याने धावत जाऊन कंप्रेसर बंद केला.

हवालदार म्हणाले, "साहेब, टोपी डोक्यावर नव्हती हे बरं झालं."

त्यांनी पिन उपटून माझ्या तळहातावर ठेवली. एक पाय सरळ, दुसरा आकड्यासारखा वळलेला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हवालदार आत गेले आणि डॉक्टरांनी जखमेतून काढून दिलेल्या पिनेची बाटली घेऊन आले. तिचाही एक पाय सरळ, दुसरा वळलेला. बहिणी-बहिणी!

मी गन उलटी करून बघितली. मॅगझीन बंद दिसत होतं, पण बंद नव्हतं. खटका बसलेलाच नव्हता. अंगठ्याने दाबला तेव्हा 'टक्' झालं. मग मी फळीत मारत राहिलो, आणि पिना शिस्तीत, सरळ, लाकडात शिरत राहिल्या. खटका म्हणजे नखाएवढी पोलादी पट्टी, तिला एक तिरका दात, मागे बारीकशी स्प्रिंग. तो दात खाचेत केसभर जरी मागे राहिला तरी तोंडाशी फट राहते, पिन तिरकी होते आणि कुठेही उडते. मी तो खटका उघडत होतो, बंद करत होतो, पुन्हा उघडत होतो. एवढ्याशा दाताने ती सगळी हवा वेसणीला धरली होती. पंच कंटाळून बसले, पण माझा हात सुटेना.

मग मी कारागिराला आत बोलावलं आणि या वेळी आवाज न लावता विचारलं, "तू काय बोलला नाहीस?"

त्याने मान वर केली. "कंप्रेसर चालू असला की टक् आयकू येत न्हाई, सायेब. म्हनून आमच्यात रीत हाय. भरनाऱ्यानं गन देताना म्हनायचं, 'बंद.' घेनाऱ्यानं खटक्यावर तळवा मारून म्हनायचं, 'बंद.' मगच चालवायची. त्या दिवशी आमचा अबोला. म्या भरली, मुकाट्यानं चाचाच्या हातात दिली. चाचा बी काय बोलले न्हाईत. पिन उडाली, चाचा पडले, म्या हवेची नळी काढाया गन उचलली." आणि तो रडायला लागला.

पिस्तूल दुसऱ्याच्या हाती देताना चेंबर रिकामं दाखवायचं, हा आमचाही नियम. पोरांना तो मीच शिकवायचो.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चाचांचा जबाब घ्यायला गेलो. डोळा वाचला होता, नजर अधू राहणार होती. मी कागद काढायच्या आत ते म्हणाले, "साहेब, चूक माझी लिहा. मी रागात होतो, तळवा मारला नाही. पोराला सोडा."

"तो म्हणतो चूक त्याची."

"त्याला काय कळतं! लिहा माझी!"

मी बघतच राहिलो. उभ्या नोकरीत मी माणसं एकमेकांकडे बोट दाखवतानाच पाहिली होती. एकाच चुकीवर दोघांनी हक्क सांगितलेला हा एवढाच तपास. पुढे तज्ज्ञांचा अहवालही पिना जुळल्याचाच आला. पुतण्याने मान खाली घातली, कारागीर सुटला आणि वरिष्ठांनी आपल्या त्या "वा"चा हिशेब व्यवस्थित चुकता केला.

सुटल्यावर त्याला मीच जीपमधून दवाखान्यात नेलं. तो दारातच थांबला. चाचा दोन्ही डोळ्यांवरच्या पट्टीखालून म्हणाले, "कोण आहे?" उत्तर नाही. चाचांना कळलं. त्यांनी पलंगाच्या लोखंडी कडेवर तळवा मारला.

"बंद?"

कारागिराने दाराच्या चौकटीवर तळवा मारला. "बंद, चाचा."

"मग ये आत. पाथर्डीच्या दुकानाला मोठी गन माझी ने. खटका नवा टाकून घे."

मी बाहेर येऊन उगाच जीपचं चाक तपासत उभा राहिलो.

त्यानंतर माझ्या ठाण्यात कोठडीचं कुलूप लावणारा मोठ्याने "बंद" म्हणायचा आणि किल्ली घेणारा कुलपावर तळवा मारून "बंद" म्हणायचा. नवे शिपाई हसायचे. मग मी त्यांना खुंटीवरची टोपी दाखवायचो. आता निवृत्तीनंतर घरी रोज झोपण्याआधी मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतो, "गॅस बंद?" अगदी त्या दिवशी आमचं कडाक्याचं वाजलेलं असलं तरी. आणि आमची ही, तोंड फिरवून का होईना, सिलिंडरवर तळवा मारते आणि म्हणते, "बंद."