दोन कागदांवर एक सही

मला राजकारणातलं काही कळत नव्हतं, आणि पाच वर्षं ग्रामपंचायतीत मेंबर राहूनही कळलं नाही. मेंबर झाले तेच मुळी दुसऱ्यांच्या भांडणात. आमचं गाव बीदर जिल्ह्यात, राजेश्वरहून आत. गावात दोन पार्ट्या, चावडीकडची आणि वेशीकडची. चावडीकडच्यांचे पुढारी अप्पा, त्यांचा पक्ष तेव्हा बेंगळूरला राज्यावर. वेशीकडच्यांचे पुढारी अण्णा, किराणा दुकानवाले, त्यांचा पक्ष विरोधात. आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव निघाली. दोघांनाही एकमेकांची बाई नको होती, म्हणून दोघांनी मिळून मला बिनविरोध केलं. मी सातवी पास, आणि माझा नवरा कुणाच्याच मागं न फिरणारा. अकरा मेंबरांत पाच इकडं, पाच तिकडं आणि मधे मी. आयुष्यात त्या दोघांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम.

त्याच्या आधीच्या वर्षी सर्व्हेवाले सर घरोघरी आलते. "घरात माणसं किती?" म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणलं, "चार." मी, नवरा आणि दोन लेकरं. दीर आणि जाऊ तेव्हा हैदराबादला होते, बिल्डिंगच्या कामावर. वर्षातले आठ महिने तिकडंच. त्यांना मी मोजलं नाही. विसरले म्हणून नाही. आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरांत रीतच आहे, रानात गेलेलं मोजायचं नाही. मेंढरू असो की माणूस, परत कुंपणाच्या वाडग्यात आलं की मगच मोजायचं. बाहेर असताना मोजलं की त्याला दृष्ट लागते. मेंढरं सासऱ्यांच्या काळातच विकली, रीत तेवढी राहिली. सगळ्या गल्लीनं सरांना असंच सांगितलं. जे पुण्याला, जे हैदराबादला, जे मुंबईला, ते कोणीच कागदावर आले नाहीत.

मग सरकारची दवाखान्याची योजना आली. कार्डात नाव असेल त्याचं मोठं ऑपरेशन फुकट. त्यात एक नियम असा, की सर्व्हेची यादी झाली ती झाली, तीन वर्षं नवीन नाव चढवायचं नाही. तेव्हा आम्ही म्हणलं, नसू दे. कुणाला हौस आहे पोट फाडून घ्यायची?

त्याच उन्हाळ्यात जाऊ हैदराबादहून परत आली. चोवीस वर्षांची पोर. मला अक्का म्हणायची आणि माझ्याच डोक्यातल्या उवा काढता काढता मलाच शिव्या द्यायची, अशी. ती राजेश्वरच्या फाट्यावरून घरापर्यंत येताना तीनदा खाली बसली. बीदरच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदयातली एक झडप खराब झालीय, बदलावी लागेल. मी विचारलं, कधीपर्यंत? ते म्हणाले, सहा महिन्यांच्या आत. आणि किती लागतील ते ऐकून दीर दवाखान्याच्या पायरीवरच बसला. डॉक्टर म्हणाले, "कार्ड आहे ना? मग कामून घाबरायलाव?"

कार्ड होतं. त्यात तिचं नाव नव्हतं. आणि ते मीच घातलं नव्हतं. हे मी दिराला सांगितलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, "वैनी, तुमी काय मुद्दाम केलं का?" तो रागावला असता तर बरं झालं असतं.

पंचायतीचा सरकारी अधिकारी, ज्याला आम्ही पीडीओ सर म्हणायचो, त्यानं एक वाट सांगितली. सुटलेल्या नावांची यादी करून पंचायतीनं बहुमतानं ठराव करायचा. नियमात चूक आहे, ही माणसं गावचीच आहेत, असं लिहून द्यायचं. तालुक्यातून तो वर जाईल आणि खास परवानगी मिळेल. अकरांतल्या सहा सह्या पाहिजेत. मी म्हणलं, सहा कामून, अकराच्या अकरा देतो की! यात कोण नाही म्हणणार आहे?

हाय रे देवा. बैठकीत दोघंही नाही म्हणाले.

"आमच्या सरकारची योजना," अप्पा म्हणाले, "आन् तिच्यात भोक हाय म्हणून आमीच लिवून द्यावं? उद्या हेच लोक तो कागद घेऊन गावभर नाचतील."

"भोक न्हाई, योजनाच फसवी हाय," अण्णा म्हणाले. "तेवढा एक शबुद घाला ठरावात. आमच्या पाच सह्या आत्ता घ्या."

"फसवी म्हणायची न्हाई."

"मग सही बी न्हाई."

मी उठले आणि ओरडले, "माझी जाऊ तिकडं भिंतीला टेकून बसून श्वास घ्यायलीय, आन् तुमी शबुद कसले मोजायलात? लाजा वाटू द्या!" अप्पांनी मला पाणी द्यायला लावलं, आणि बैठक संपली.

संध्याकाळी अप्पा घरी आले. म्हणाले, "अक्का, तुमचं काम मी करतो. पर त्यांच्या कागदावर माझी मानसं सही करणार न्हाईत. विलेक्शनात मैलारचा भंडारा उचललाय आमी." दुसऱ्या दिवशी अण्णा आले, दुकानातली साखर घेऊन. तेही तेच म्हणाले. त्यांनीही भंडारा उचललेला! मैलारच्या खंडोबाची हळद हातात घेऊन शपथ खाल्ली की आमच्याकडं ती मोडत नाही. दोन्ही पार्ट्यांनी एकाच देवापुढं जाऊन, एकमेकांच्या विरोधात, एकच शपथ खाल्ली होती, की समोरच्यांना साथ द्यायची नाही. देवानं कुणाची पाळावी? मला हसावं की रडावं कळेना.

तेव्हा माझ्या डोक्यात अक्कल आली. आता तिला अक्कल म्हणायला जीभ वळत नाही. मी म्हणलं, एका कागदावर जमत नाही तर दोन कागद करू. पाच सह्या आणि माझी एक, अप्पांचा ठराव झाला. पाच सह्या आणि माझी एक, अण्णांचाही झाला. दोन्हीकडं बहुमत. जाऊचं नाव दोन्ही याद्यांत घालायचं. दोघांनाही हे एकदम पटलं. अण्णा तर म्हणाले, "अक्का, तुमी आमदार व्हायला पायजे." मी दोन दिवस गल्लीत ताठ मानेनं हिंडले.

तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. गाव एकच, तारीख एकच, वेळही एकच. "बाई, तुम्ही एकाच वेळी दोन बैठकांत कशा बसलात?" मी सगळं खरं सांगितलं. ते हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, एकाच बैठकीचे दोन ठराव चालत नाहीत. दोन्हींवर सही असलेलं माणूस तुम्ही एकटंच. कोणता खरा आणि कोणता खोटा, ते लेखी द्या. नाहीतर सगळ्यांनी एकत्र बसून नवा एकच ठराव करा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी गावात येऊन दोघांच्या पाया पडले. खरंच पडले, यात लाज कसली. म्हणलं, दोघं बरोबर मैलारला जा, देवाची माफी मागून भंडाऱ्याच्या शपथेतून सुटून या, मग एका कागदावर सह्या करा. दोघंही तयार झाले. अप्पा एका रविवारी गेले आणि देवळासमोर दुपारपर्यंत बसले. अण्णा आले नाहीत. अण्णा पुढच्या रविवारी गेले. तर अप्पा म्हणाले, "मी एकदा जाऊन आलो, आता पुन्हा जाऊन त्यांच्या मागं उभा राहू का?" आधी कुणी सुटायचं यावर तीन आठवडे गेले. तोवर जाऊच्या पायांना सूज चढली. ती म्हणायची, "अक्का, मला राशनच्या पोत्यात घालून न्या की बेंगळूरला. पोत्याला तर नाव लागत न्हाई." आणि हसायची, आणि हसताना खोकायची.

तेव्हा मी दोन्ही याद्या पहिल्यांदा नीट वाचल्या. आधी मी फक्त जाऊचं नाव बघितलं होतं. अप्पांच्या यादीत अप्पांची माणसं होती, अण्णांच्या यादीत अण्णांची. अण्णांच्या यादीत आमच्या मागच्या घरातला माणूस होता, पुण्याला वॉचमन होता तो. त्याच्या घशात गाठ झाली होती आणि आवाज बसला होता. त्याची बायको आमच्याच परड्यातून पाणी न्यायची. तो अप्पांच्या यादीत नव्हता.

मी साहेबांकडं परत गेले. विचारलं, अण्णांचा कागद खरा म्हणलं तर? ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत घालत बसले. मग म्हणाले, "मी काही सांगत नाही, बाई. पण वरती कुणाचं राज्य आहे ते तुम्हाला माहीत आहे. एक कागद पंधरा दिवसांत येईल. दुसरा कधी येईल ते मला सांगता येणार नाही." मी म्हणलं, दुसरा येईल तर ना? ते म्हणाले, येईलही.

"येईलही." या एका शब्दानं माझं डोकं फिरवलं. येणारच नाही म्हणाले असते तर मी सुटले असते. नक्की येईल म्हणाले असते तरी सुटले असते. अण्णांचा कागद खरा म्हणलं तर जाऊ आणि मागच्या घरातला, दोघंही वाचतील, किंवा दोघंही वाट बघत बसतील. अप्पांचा म्हणलं तर एक नक्की वाचेल. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "तुझ्या मनाला पटंल ते कर." असला सल्ला द्यायला नवरा कशाला पाहिजे? जाऊला विचारायची हिंमत झाली नाही. मागच्या घरी तर गेलेच नाही.

मी लिहून दिलं. अप्पांचा चावडीकडचा ठराव खरा, अण्णांचा वेशीकडचा खोटा. खाली सही केली. परवानगी बाराव्या दिवशी आली. गुलबर्ग्याला ऑपरेशन झालं. जाऊला शुद्ध आली तेव्हा तिनं पहिलं काय विचारलं, तर "अक्का, भाकर मिळंल का?" मी तिथंच वऱ्हांड्यात मोठ्यानं रडले.

मागच्या घरातला माणूस शिमग्याच्या आधी गेला.

अण्णांनी गावभर सांगितलं की मी विकली गेले. त्यांचं चुकलं म्हणावं, तर त्यांच्या कागदाला मीच खोटं म्हणलं होतं. अप्पांनी माझा सत्कार करायचं काढलं, तो मी होऊ दिला नाही. शाल घेऊन घरी आलते, तसेच परत पाठवले.

पुढच्या वर्षी तो नियमच बदलला. अण्णांच्या दुकानातल्या टीव्हीवर आम्ही बघितलं. बेंगळूरच्या सभागृहात राज्यावरचे बोलले, विरोधातले बोलले, आणि मग सगळ्यांनी मिळून बाकं वाजवली. सुटलेली नावं कधीही चढवता येतील. एका दुपारचं काम! दुकानात अप्पाही उभे होते, तंबाखू मळत. मी विचारलं, "अप्पा, ह्यांनी भंडारा उचलला नव्हता का?" ते म्हणाले, "ते बेंगळूर हाय, अक्का. हितं आपल्याला एकमेकांच्या दारावरून जावं लागतं." ह्याचा अर्थ मी पुष्कळदा लावून बघितला. एकमेकांच्या दारावरून जावं लागतं म्हणून तर आधी इथंच जमायला पाहिजे होतं ना? पण कधी असंही वाटतं, अण्णांसारख्यांनी फसवी फसवी म्हणून बोंब मारली नसती, तर ते भोक बेंगळूरला दिसलं तरी असतं का? भांडावं का मिळून बसावं? भांडायचं कधी आणि बसायचं कधी, हे कुणाला कळत असेल तर मला सांगावं. मला कळत नाही.

त्यानंतर एकदा दुपारी मागच्या घरची बाई माझ्याकडं आली. तिला विधवेचा पगार चालू करायचा होता आणि कागदावर मेंबरची सही लागत होती. मी तिला चटई टाकली आणि सही केली. तिनं कागद घडी घालून ब्लाउजात ठेवला, पण उठली नाही. म्हणाली, "जाऊबाई कशी हाय? दम लागायलाय का अजून?"

जाऊ छान होती. पण माझ्या तोंडून निघालं, "लागतो की. लई लागतो. काय खरं न्हाई तिचं."

तेवढ्यात जाऊ अंगणातून आली. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर. "कवा आलाव, वैनी?" म्हणाली आणि तशीच, न थांबता, माझ्या पोरीला हाका मारत चुलीकडं गेली.

ती बाई तिच्या पाठीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "तिच्यासाठीच केलं ना तुमी ते? मग ती बरी हाय, एवढं तरी मला खरं सांगा की."