मालसुन उलट्या दिशेला निघाली

कोरियातल्या जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायका बुडीआधी जेवत नाहीत. डोकं खाली, पाय वर झाले की पोटातलं सगळं घशाशी येतं. मालसुन हे आईबरोबर बुड्या मारतानाच शिकली होती. पुढे ऐन विशीत तिला मधुमेह जडला. अंगात इन्सुलिनच तयार होईना, तेव्हा रोजची सुई मागे लागली, पण उपाशी बुडी काही सुटली नाही. "कामाच्या दिवशी डोस कमी, आणि आधी खायचं," असं डॉक्टर बजावायचे. त्यांना कुठे उलटं व्हायचं होतं!

वाऱ्यानं बरेच दिवस घरी बसवलं होतं. त्या सकाळी समुद्र निवळला आणि सगळ्या बोटीकडे धावल्या. मालसुननं घाईघाईत घरबसल्या दिवसांचाच डोस मांडीत टोचला आणि सातूची पेज तशीच झाकून ठेवली.

तळाशी शिंपला उचकटताना तिचा हात थरथरला. गारठ्यानं असेल, तिला वाटलं. दरदरून घाम फुटला असणार, पण पाण्यात घाम कळतो कुणाला? निरोगी माणूस कष्टाला लागला की अंग आपणहून इन्सुलिन आखडतं आणि यकृत साठ्यातली साखर सोडतं. टोचलेलं इन्सुलिन मात्र मागे घेता येत नाही. पाय मारावेत तसं मांडीतलं आणखी भराभर रक्तात उतरतं. स्नायू साखर ओढत होते आणि यकृताचं दार बंद होतं.

ती वर आली. ओठ बधिर, शीळ फुटेना. वर आल्यावर श्वासाची शीळ घालायची, ती ऐकून बाकीच्या निर्धास्त होतात. म्होरकी दोगिम चरकली. मालसुन बोटीकडे पाठ करून निघाली होती.

"मालसुन! अगं तिकडे कुठे? पोहत जपानला निघालीस का?"

"घरी चाललेय! तू गप बस, म्हातारे!"

मालसुन दोगिमला जन्मात कधी अशी बोलली नव्हती. म्हातारीनं मागून गाठून तिला, पाणबुड्या आधाराला बाळगतात त्या तरंगत्या भोपळ्यावर आडवी घातली आणि बोटीकडे ओरडली, "बु, कॉफी! गोड! आधी साखर, मग प्रश्न!"

बोटवाल्या बुनं गोड कॉफीच्या पुड्या कोमट पाण्यात ढवळल्या. मालसुन नाव सांगू शकली, घोट गिळू शकली, म्हणून निभावलं.

किनाऱ्यावर शेकोटीशी ती भानावर आली.

"समचुन, मी कुठे चालले होते?" तिनं दोगिमला विचारलं. जेजूत वडीलधाऱ्यांना समचुनच म्हणतात.

दोगिमनं नुसतं उघड्या समुद्राकडे बोट केलं. आता साखर चढली होती, तरीही मालसुननं डॉक्टरांना फोन लावला.

त्यांनी बजावलं, थकलेले स्नायू उद्या सकाळपर्यंत साखर ओढत राहतील. डोस कमी करा, झोपण्याआधी खा, मध्ये उठून तपासा.

"आज मी तुझ्याकडेच झोपणार," दोगिम म्हणाली.

"नको गं, घोरतेस तू."

"घोरते म्हणून मी जिवंत असल्याचं कळतं तरी. तू गप्प पडलीस की हलवून उठवीन."

एरवी मालसुन हसली असती. आज तिनं दुसरं अंथरूण आपल्या अगदी लगत घातलं.