आबांचा कूड आणि साहेबांचे बूट

मी हॉलंडला निघालो तेव्हा मढच्या एसटी थांब्यावर निम्मं गाव लोटलं होतं आणि उरलेलं निम्मं टपावर चढलं होतं. माझी बॅग एवढी फुगली होती की कंडक्टरनं तिलाच पॅसेंजर समजून "जरा पुढं सरका" म्हटलं. आईनं तीत बाजरीचं पीठ कोंबलं होतं, तिकडच्या लोकांना दळता येत नसणार म्हणून. आबा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "भित्तीची काळजी करू नगं. ती उभी हाय."

ती भिंत उभी होती म्हणूनच मी विमानात बसणार होतो. ती कुणी उभी ठेवली, हे आमच्या घरापलीकडं कुणाला ठाऊक नव्हतं. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं उडून गेलेल्यांनो, ते आज सांगून टाकतो.

नव्वद सालाच्या सुमारास मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत चिकटलो. तिथली मंडळी शाश्वत बांधकाम करत. म्हणजे बांधत काहीच नसत, शाश्वत बोलत. एसी एवढा सोडलेला की अंगात स्वेटर, आणि चर्चा वीज कशी वाचवावी याची. एकेका मीटिंगला इतका चहा लागे की येडगावचं धरण तळाला जावं. माती म्हटलं की सगळ्यांचे डोळे पाणावत; बुटाला लागली की तेच लोक शिपायाला हाक मारत. आमचे मोठे सर मातीच्या घरांवर जगभर भाषणं देत आणि स्वतः ग्रॅनाइटच्या फरशीवर घसरून पडत.

या विद्वानांनी उसाचं चिपाड आणि रेझिन दाबून एक जाड फळी काढली. तिला पॅनेल म्हणायचं, आणि जातीनं ती कॉम्पोझिट. एकट्याला जे पेलत नाही ते दोन पदार्थ एकमेकांना धरून पेलतात, त्याचं हे नाव. मी सुट्टीत घरी येऊन आबांना तासभर हे समजावलं. आबा कूड घालणारे. कारवीच्या काठ्या वाखाच्या दोरीनं बांधायच्या आणि त्यावर शेण, माती, भाताचं तूस यांचा गारा लिंपायचा, की झाली भिंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंजी कूडच की रं," ते म्हणाले. "फकस्त शेणाचा वास न्हाई."

मला राग आला. मी तेव्हा नवानवा शहाणा होतो.

पॅनेलला खरा पाऊस दाखवायचा ठरला. आमच्याकडं पाऊस वरून पडत नाही. माळशेजकडून आडवा येतो, ओसरीवर बसतो आणि गणपतीची आरती झाल्याशिवाय उठत नाही. मी फुशारकीनं आमच्याच घराची पश्चिमेची भिंत देऊ केली. सर म्हणाले, "टिकली तर हॉलंडच्या संस्थेतली जागा तुझी." नाही टिकली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. माझ्याआधीचा एकजण पावसात विरघळलेल्या एका विटेपायी नारळाच्या वखारीत कारकुनी करत होता.

माझ्या जन्माआधीचा कूड आबांनी स्वतःच्या हातानं पाडला. आम्ही पॅनेलं ठोकली. अंगणात खड्ड्यात गारा भिजत होता, त्याचा आंबूस वास सुटला होता. मी विचारलं तर आबा म्हणाले, "गोठ्यासाठी हाय." गारा पंधरा-वीस दिवस कुजल्याशिवाय कामाचा होत नाही, हे मला माहीत होतं. गोठ्याला पत्रे आहेत, हेही माहीत होतं. दोन्ही मिळून डोक्यात शिरलं नाही. पदव्यांनी जागा अडवली होती.

पावसाळाभर मी पुण्यातच होतो. दसऱ्यानंतर दोन जीप भरून विद्वान पाहणीला आले, त्यांच्याबरोबर मीही. सरांनी भिंतीवर बोटं वाजवली. पोकळ ठकठक यायला हवी होती, आला भरीव धप्प आवाज. सर एवढे हरखले की भिंतीला मिठीच मारली. "एक्सलंट," म्हणाले. आई दारातून म्हणाली, "पावणं, आत या की, च्या टाकलाय." सरांनी गुडघ्यापर्यंतच्या बुटांकडं पाहिलं. एकेका बुटाला नाडी एवढी लांब की मढपासून शिनोलीपर्यंत पुरेल. बूट काढायचे, परत घालायचे, या कष्टापायी विज्ञान उंबऱ्याबाहेर राहिलं. चहा त्यांनी अंगणातच घेतला आणि वहीत लिहिलं: पॅनेलनं पावसाळा काढला.

चहाचे कप आणायला मी आत गेलो. पश्चिमेला, पॅनेलच्या पाठीशी, नवा कोरा कूड उभा होता. पॅनेल पहिल्या झडीतच फुगून पोट काढून बसलं होतं. आबांनी त्याला भोकं पाडून वाखानं कुडाला आवळून बांधलं होतं. चुलीच्या धगीवर गारा वाळवला होता. आई आल्यापासून का खोकत होती, तेही तेव्हाच कळलं: त्या चुलीचा धूर.

"आबा, हे काय?"

"गप ऱ्हा. पावणं जाऊ दे."

"पण हे खोटं झालं."

"तुला जायचंय न्हवं? मग कप ने भाईर."

मी कप बाहेर नेले. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण सगळ्यात मोठी थाप तोंड बंद ठेवून मारली.

पुढच्या पावसात पॅनेलं गळून पडली. म्हशीनं हुंगून सोडून दिली. कूड अजून आहे. त्या भिंतीविषयी माझंही नाव जोडून लिहिलेल्या निबंधावर सर अजून सत्कार घेतात, आणि इथं हॉलंडमध्ये माझ्या पगारामागं तीच भिंत आहे. इथली घरं मऊ, गरम, नीटनेटकी. कुठलीही भिंत वाजवा, ठकठक. सवयीनं मी वाजवतो. शेजारीण दार उघडते.

गेल्या महिन्यात मी सरांना सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं, जुना विषय आहे, उकरू नये. म्हणून तुम्हाला लिहितोय: मढच्या त्या भिंतीनं पावसाळा काढला तो आबांच्या कुडानं. त्या निबंधावरून माझं नाव मी आज खोडलं असं समजा. माझी इथली खुर्ची हलेल, हलू दे.

आबांना फोनवर सांगितलं, यंदा आखितीला, पावसाच्या आधी, येतो, गारा मी तुडवणार.

"ये," ते म्हणाले. "पण बिननाडीचं पायताण घालून ये."