वनिताचं उत्तर चाळीस होतं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, सोबतच्या मास्तरांपाशी तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

मी रामनगरजवळच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. पोरं मला घाबरतात. त्याचा मला अभिमान होता — हो, होता! मास्तर चुकला हे पोरांना कळलं की वर्ग हातचा गेला, अशी माझी समजूत.

त्या दिवशी नववीला कोन काढायला शिकवत होतो. फळ्यावर त्रिकोण. वरच्या टोकापासून उतरणाऱ्या दोन्ही बाजू सारख्या. पाया उजवीकडं वाढवलेला, तिथं बाहेरचा कोन एकशे दहा. वरचा कोन किती? घाईघाईत मी एकशे दहाचे दोन सारखे भाग केले आणि पंचावन्न लिहून मोकळा झालो.

मागून वनिता उठली. कुंभारवाड्याकडची पोरगी. बाप घरांची छपरं उभारायचा, सुट्टीत ही वासे धरायला जायची. म्हणाली, "सर, दोन्ही वासे सारखे असले की खालचे कोनबी सारखे येतात न्हवं? भाईर एकशे धा, म्हंजे आत सत्तर. दुसरीकडंबी सत्तर. मग वर चाळीसच ऱ्हातात."

बरोबर होतं. खडू हातात असतानाच मला कळलं. एक आकडा पुसायचा होता — एवढंच! आणि मी काय केलं? "छपरावरची अक्कल छपरावरच ठेव," म्हणालो. जिभेला काही हाड? वर्ग खो खो हसला. वनिता खाली बसली.

तिथंच थांबलं असतं तर... पण छे! वार्षिक परीक्षेचा पेपर मी आधीच काढून दिला होता आणि त्यात हेच गणित होतं, चार गुणांचं. सगळ्या वर्गानं पंचावन्न लिहिलं. वनितानं चाळीस लिहिलं, पायरी न् पायरी मांडून. तिला बरोबर दिलं असतं, तर बाकी सगळ्यांना चूक द्यावं लागलं असतं. मग माझं काय राहिलं असतं? लाल पेन घेऊन बराच वेळ विचार करत बसलो, असं सांगू? नाही बसलो. फटकन फुली मारली.

ती गणितात तीन गुणांनी नापास झाली. बापानं शाळा बंद केली. नापास होणाऱ्या पोरीनं बससाठी रोज एवढं रान तुडवायचं कशाला, म्हणाला.

गेल्या महिन्यात, वीसएक वर्षांनी, ती शाळेत आली, स्वतःच्या पोरीला आठवीत घालायला. माझ्याकडं बोट दाखवून पोरीला म्हणाली, "ह्येच माझे सर. मला गणिताचं डोस्कंच न्हवतं, सर तरी काय करतील? तू नीट शिक गं."

खोलीत आम्ही तिघंच होतो. बोलता आलं असतं. मी हसलो — लाज वाटते सांगायला — हसलो आणि म्हणालो, "व्हय, तू जरा कच्चीच होतीस."

तिनं मान हलवली. मग पोरीला माझ्या पाया पडायला लावलं. मी पाय मागं घेतले नाहीत.