पदावनत की पदच्युत?

माझ्या थोरल्या वहिनींना आजवर कुणीही एका दमात काही सांगू शकलेलं नाही. सांगणाऱ्याला त्या दुसऱ्याच शब्दाला अडवतात आणि विचारतात, "म्हणजे नेमकं काय?" अक्कलदाढ काढायला गेल्या, तर तोंडातला कापूस काढून आधी अकलेचा आणि दाढेचा संबंध विचारला. माझ्या लग्नात मूठभर अक्षता डोळ्यांजवळ नेऊन भटजींना म्हणाल्या, "अक्षत म्हणजे न मोडलेला ना? हा तर तुकडा तांदूळ आहे." तांदूळ सासऱ्यांनी आणलेला होता. ते अजून माझ्याशी जपून बोलतात.

वहिनी इथल्याच एका शाळेत मराठी शिकवता शिकवता मुख्याध्यापिका झाल्या. मागच्या वर्षी झेंडावंदनाला संस्थेचे अध्यक्ष भाषणात म्हणाले, "मी आपला नतद्रष्ट सेवक." नत म्हणजे वाकलेला, म्हणून नम्रच असणार, असा त्यांचा हिशेब. वहिनींनी व्यासपीठावरच, अगदी कळवळ्यानं, त्याचा खरा अर्थ सांगितला. माईक चालू होता. पोरं हसून लोळली.

त्यानंतरच्या सभेत कारकुनानं ठराव वाचला, "मुख्याध्यापिकांना मूळ पदावर पदावनत करण्यात येत आहे." सगळे माना खाली घालून बसलेले. वहिनींनी हात वर केला. "पदावनत की पदच्युत? पदच्युत म्हणजे काढून टाकलेली. पदावनत म्हणजे खालच्या पदावर आणलेली. तुम्हाला यातलं काय करायचंय?"

अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनानं पंख्याकडे.

"खालच्या," अध्यक्ष शेवटी म्हणाले.

"मग बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

घरी भाऊ संतापला होता. "सोमवारी जायचंच नाही. राजीनामा टाक!" वहिनींचं लक्ष नव्हतं. त्यांना शब्द सापडला होता. सकाळी कुंभारीहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना त्यांनी विचारलं, "वरच्या जागेवरच्या माणसाला खाली आणलं, तर तुमच्याकडं काय म्हणतात हो?"

"उतरवलं म्हंत्यात की," मावशी म्हणाल्या. "कुनाला उतरवलं वो, बाई?"

"मला."

मावशींनी पेंडीवर पेंडी मेथी घातली आणि टोपली उचलली.

शेजारच्या तेलुगू काकूंनी 'दिंचेशारु' सांगितलं. दूधवाला अक्कलकोटकडचा, त्यानं कानडीत 'इळिसिदरु' सांगितलं आणि वर म्हणाला, "पोतं इळिसतात की, तेबी ह्योच शब्द." वहिनी हरखल्या. दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. ताप उतरला की बरं वाटतं, दृष्ट उतरवतात ती मायेनं, पोतं उतरवलं की पाठ मोकळी होते. मग माणूस उतरवला की वाईट का वाटावं?

रविवारी त्या चटणीसाठी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी न राहवून विचारलं, "वहिनी, तुम्हाला खरंच काही वाटलं नाही?"

त्यांचे हात थांबले. "वाटलं की, भाऊजी. म्हणून तर विचारत सुटलेय. गप्प बसले की रडू येतंय." मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आणि त्या वाक्यात बघा, 'करण्यात येत आहे.' कोण करतंय, ते लिहिलेलंच नाही. माणसानं निदान कर्ता तरी घालावा."

"मग उद्या?"

"उद्या सातवीचा पहिला तास आहे. पोरांनी काय केलंय?"

सोमवारी मीच त्यांना स्कूटरवरून सोडलं. त्या फाटकातून आत गेल्यावर शिपाईमामांनी सवयीनं धावत जाऊन ऑफिसचं दार उघडून धरलं. मग त्यांना आठवलं, आणि दार लोटावं की धरून ठेवावं, हे न कळून ते तसेच उभे राहिले. वहिनी दोन पावलं दाराकडे गेल्या, थांबल्या. "असू दे, मामा," एवढंच म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. त्यांचे गुडघे दुखतात. कठड्याला धरत, मध्ये एकदा टेकत, त्या वर चढल्या. वरून सातवीचं लांबलचक "न-म-स्ते बाई" ऐकू आलं. मी किल्ली हातात धरून उगाचच फाटकाशी उभा होतो. मामांनी ऑफिसचं दार हळूच ओढून घेतलं.